सहा मिलिमीटरची पट्टी आणि मोटरची सायकल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात टिळकवाडीतील एका भगिनींचं पत्र वाचलं. पहाटे फिरायला निघालेल्या त्यांच्या वडिलांना अगदी घासून एक मोटर लावलेली सायकल गेली. आवाज नाही, घंटी नाही. वडिलांचा तोल गेला, ते पडले आणि मनगटाला प्लास्टर घालावं लागलं. "असल्या जुगाडू सायकली बनवणाऱ्यांवरच कारवाई व्हावी," असं त्यांनी शेवटी लिहिलं आहे. ते वाचल्यापासून मनाला चैन नाही, कारण अशा सायकली बनवणाऱ्यांपैकी मी एक आहे. त्यांच्या वडिलांचं मनगट लवकर बरं व्हावं ही मनापासून प्रार्थना. त्यांचा राग मला पूर्ण पटतो. पण कारवाई कशाबद्दल आणि कोणावर, हे ठरण्याआधी या कामात काय काय असतं ते लोकांपुढे यावं असं वाटतं, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, सांभाळून घ्यावं.

मी उद्यमबागेत 34 वर्षं नोकरी केली. पहिली 19 वर्षं लेथवर, उरलेली टूलरूममध्ये आणि इन्स्पेक्शनला. हायड्रॉलिक पंपांचे भाग करायचो. तिथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर जॉब पास की नापास ते ठरतं. निवृत्त होऊन आता आठ वर्षं झाली. अनगोळात घरामागे पत्र्याची शेड आहे. तिच्यात एक जुना साडेचार फुटी लेथ, बेंच ड्रिल, व्हाइस आणि वडिलांच्या वेळची कानशींची पेटी. रविवारी सकाळी दहा ते एक आम्ही सात-आठ जण तिथे जमतो. वडगावचे एक लूमवाले आहेत, मागावर आयुष्य गेलेले. शहापूरचे टीव्ही दुरुस्त करणारे एक मित्र आहेत, मच्छ्याचा एक वेल्डर आहे, पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेले सर आहेत, इंजिनिअरिंगची दोन मुलं आहेत आणि पिरनवाडीहून रोज सकाळी सातच्या ड्युटीला सायकलने जाणाऱ्या एक नर्सताई आहेत. कुणाचाही हा धंदा नाही. सामानाचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे, मजुरी कुणी कुणाकडून घ्यायची नाही. एकदा पैसे घेतले की "उद्यापर्यंत द्या" सुरू होतं, आणि घाईत केलेला भाग रस्त्यावर जातो. म्हणून पहिल्या दिवसापासून हे पाळलं आहे.

ज्यांनी मोटरचं किट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. खोक्यात एक मोटर असते, चाकाच्या हबच्या जागी बसणारी. सोबत कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारी डबी), पायडलपाशी लावायचा सेन्सर, ब्रेकचे दोन लिव्हर आणि वायरींचा जुडगा. हे सगळं गिअरच्या सायकलींच्या मापाने केलेलं असतं. आपल्या काळ्या सायकलीला त्यातलं एकही माप लागत नाही. काळ्या सायकलीच्या मागच्या चाकाला 40 तारा, पुढच्याला 32. मोटरच्या हबला भोकं 36. मोटरला मागच्या फोर्कमध्ये 135 मिलिमीटर जागा लागते, माझ्या सायकलीत मोजली तर 112 भरली. मागची खाच तीन अष्टमांश इंची, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच्या ॲक्सलसाठी. मोटरचा ॲक्सल दोन बाजूंनी चपटा केलेला असूनही 10 मिलिमीटर. सेन्सरची चकती चौकोनी टोकाच्या ॲक्सलवर बसणारी, आपला ॲक्सल गोल आणि क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, कॉटर पिनवर (आडव्या खिळीवर) बसणारा. लिव्हर केबलचे, आपले ब्रेक सळीचे. यातला प्रत्येक फरक कुणीतरी हाताने भाग करून मिटवल्याशिवाय ती मोटर त्या सायकलीवर चालत नाही. आणि तो भाग कसा झाला यावर रस्त्यावरच्या माणसाचं मनगट अवलंबून असतं.

सहा वर्षांपूर्वी गुडघ्याच्या दुखण्यामुळे मी पहिलं किट मागवलं. सपाटीवर सायकल चालवा, चढ टाळा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण बेळगावात चढ टाळून माणूस जाणार कुठे? सगळं एकट्याने केलं. 36 भोकांची 26 इंची अलॉय रिम आणून तारा भरून घेतल्या, थ्रेडेड रॉड आणि नट लावून मागचा फोर्क हळूहळू रुंद केला, खाच कानशीने अर्धा मिलिमीटर वाढवली. एका कोपऱ्यात कानस थोडी जास्त चालली. ते मला दिसलं होतं. किटबरोबर आलेला दाताचा वॉशर घातला, नट आवळला आणि पुढच्या कामाला लागलो. माझ्याच हातचा जॉब होता, मीच पास केला.

तीन आठवड्यांनी येळ्ळूरकडे गेलो असताना राजहंसगडाच्या पायथ्याच्या चढावर ॲक्सल खाचेत फिरला. काय होतं ते सांगतो. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा तेवढ्याच जोराने स्वतःचा ॲक्सल उलटा फिरवू पाहते. त्याला धरून ठेवतात फक्त खाचेच्या दोन कडा. लहानशी मोटरसुद्धा चढावर 35-40 न्यूटन-मीटरचा पीळ देते, आणि ॲक्सलच्या चपट्या बाजूंमध्ये अंतर असतं एक सेंटिमीटर. हिशेब मांडला तर त्या कडांवर साडेतीनशे ते चारशे किलोचा रेटा येतो. सायकलीची खाच माणसाचं वजन पेलण्यासाठी केलेली असते, असला पीळ सोसण्यासाठी नाही. माझ्या खाचेचा तो झिजवलेला कोपरा उघडला, ॲक्सल गरगरा फिरला, आतून येणारी वायर त्याच्याभोवती गुंडाळून तुटली, चाक तिरकं होऊन फोर्कला अडकलं आणि मी उजव्या खांद्यावर पडलो. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याने वेळेत ब्रेक लावला म्हणून हे पत्र लिहायला मी आहे.

घरी पडून असताना एकच गोष्ट मनाला लागत होती. कारखान्यात 34 वर्षं आम्ही एक नियम पाळला: ज्याने जॉब केला त्याने तो पास करायचा नाही. टर्नर कितीही जुना, कितीही हुशार असो, पहिला पीस इन्स्पेक्शनला जाणार आणि तिथला माणूस सही करणार, तेव्हाच पुढचा माल निघणार. असं का, ते मला चांगलं ठाऊक होतं. करणाऱ्याच्या डोळ्यांना आपला जॉब तसाच दिसतो जसा तो व्हायला हवा होता. स्वतःच्या सायकलीवर मात्र करणारा मी आणि तपासणाराही मीच होतो.

भेटायला आलेल्या शहापूरच्या मित्राने तुटलेली वायर पाहिली आणि म्हणाला, "तू खाच बघ, वायर मी बघतो. आणि तू खाच केलीस की मला दाखव." त्याला लेथमधलं काही कळत नाही, पण तो म्हणाला तेच बरोबर होतं. आमची मंडळी इथून सुरू झाली.

पहिला भाग आम्ही केला तो टॉर्क आर्म. आमच्यात सगळे त्याला नुसती पट्टी म्हणतात. ॲक्सलला घट्ट पकडून त्याचा पीळ सायकलीच्या नळीवर नेणारी लोखंडी पट्टी. 25 रुंद, 6 जाड, सव्वाशे मिलिमीटर लांब. दिसायला क्षुल्लक. पण तिच्यातलं भोक करायला मला पहिल्यांदा पूर्ण रविवार लागला. ॲक्सल 12 मिलिमीटरचा गोल, दोन बाजू कापून 10वर आणलेला. भोकही तसंच हवं. आधी 9.8चं ड्रिल मारायचं. मग चपट्या कानशीने दोन सरळ बाजू 10पर्यंत आणि गोल कानशीने दोन टोकं 12पर्यंत. दर दहा-बारा फेऱ्यांनी ॲक्सलवर लावून बघायचं. सगळा जोर चार कोपऱ्यांवर येतो, म्हणून कोपरा गोल झाला की पट्टी भंगारात. ती हाताने सरकत आत गेली तर ती सैल आहे. लाकडी हातोडीने हलकं ठोकल्यावर बसली पाहिजे. बसल्यावर 0.05चा फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, कुठल्याही बाजूने आत शिरता कामा नये. दुसरं टोक खालच्या नळीला दोन जुबली क्लिपांनी, नाहीतर कॅरिअरच्या बोल्टच्या भोकात. शक्य तिथे दोन्ही बाजूंना दोन पट्ट्या.

नंतर सरांनी तिचं ड्रॉइंग केलं, मुलांनी ते कॉम्प्युटरवर घेतलं आणि उद्यमबागेतल्या एका लेझर कटिंगवाल्याने मोठ्या कामातून उरलेल्या पत्र्यात आमच्या 20 पट्ट्या बसवून कापून दिल्या. भोक मुद्दाम 9.8 रुंदच ठेवलं आहे. शेवटचे दोन दशांश हातानेच काढायचे, कारण प्रत्येक मोटरचा ॲक्सल थोडा वेगळा निघतो. आम्ही मोजलेल्यांत 9.85पासून 10.1पर्यंत सगळे आहेत.

या पट्टीवरून झालेला एक प्रसंग सांगतो. नर्सताई पहिल्यांदा शेडमध्ये आल्या तेव्हा त्यांना पाना धरायचीही सवय नव्हती. वर्षभरात त्या चाकाचा आऊट काढायला शिकल्या. आता तेवढं नाजूक काम आमच्यात दुसऱ्या कुणाला जमत नाही. लूमवाल्यांच्या सायकलीसाठी मी पट्टी केली आणि तपासायची पाळी ताईंची होती. त्यांनी गेज लावला, पुन्हा लावला, उजेडाला धरून पाहिली आणि म्हणाल्या, "दादा, खालच्या कोपऱ्यात जातोय." मी चष्मा पुसून पाहिलं. जात होता. पट्टी बाद केली. नोकरीत असताना मी शेकड्यांनी जॉब नापास केले असतील, पण त्या दिवशी जेवढं समाधान वाटलं तेवढं तेव्हा कधी वाटलं नव्हतं. माझ्या वयाचा आणि नोकरीचा मान राखून ताई गप्प बसल्या असत्या तर लूमवाले ती पट्टी घेऊन रस्त्यावर गेले असते.

शेडमध्ये एक जाड वही आहे. प्रत्येक सायकलीला एक पान. कोणता भाग, कोणत्या मालाचा, कुणी केला, कुणी तपासला, कोणत्या तारखेला. करणारा आणि तपासणारा एकच असेल तर सायकल शेडबाहेर जात नाही.

आता ब्रेक. टिळकवाडीच्या भगिनींना जे सर्वात जास्त सांगायचं आहे ते इथे आहे. काळ्या सायकलीचे सळीचे ब्रेक पायाच्या वेगासाठी ठीक, पण क्रोमच्या लोखंडी रिमवर पाण्याचा थर आला की रबर नुसतं घसरतं. बेळगावचा पाऊस पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. मागच्या पावसाळ्यात शेडसमोरच्या ओल्या रस्त्यावर खडूने रेघ मारून आम्ही मोजलं. ताशी 25च्या वेगाने येऊन रेघेवर ब्रेक दाबला. सळीचे ब्रेक 14 मीटरवर थांबले. अलॉय रिमवर व्ही-ब्रेक (केबलने ओढले जाऊन रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे) लावलेली सायकल 7वर. मधले 7 मीटर म्हणजे रस्ता ओलांडणारं एखादं मूल.

म्हणून आमच्याकडे मोटरच्या आधी ब्रेक बदलतात. पण काळ्या सायकलीच्या फोर्कवर व्ही-ब्रेक लावायला जागाच नसते. त्याच्या खुंट्या स्वतः कराव्या लागतात. बाहेरून 8 मिलिमीटर, आत एम-6चा टॅप, बुडाशी स्प्रिंग अडकवायचं बारीक भोक. लेथवर हे अर्ध्या तासाचं काम. कठीण आहे ते फोर्कवर जोडणं. दोन खुंट्या एकमेकींपासून 80 मिलिमीटरवर, एका पातळीत आणि समांतर हव्यात, नाहीतर रबर रिमवर तिरकं बसतं. शिवाय फोर्कची नळी पातळ; आर्क वेल्डिंगने ती जळते. मच्छ्याचा वेल्डर म्हणाला, हे गॅसवर पितळी झाळ देऊनच होईल, आणि खुंट्या हलू नयेत म्हणून आधी साचा करा. तो साचा करायला दोन रविवार गेले. आता तो भिंतीवर टांगलेला असतो आणि त्याच्यावर आजवर नऊ फोर्क झाले. 28 इंची चाकं काढून 26 इंची घातली की पायडलचा ॲक्सल इंचभर खाली येतो, वळणावर आतलं पायडल जमिनीला लागू शकतं. हेही आम्ही ज्याच्या त्याच्या पानावर लिहून देतो आणि समोर वळवून दाखवतो. केबलचे लिव्हर आले की एक मोठा फायदा होतो. त्यांच्यात स्विच असतो, ब्रेकला बोट लागताक्षणी मोटर बंद होते.

फोर्क रुंद करणं हे दुसरं जोखमीचं काम. 112चा 135 केला की दोन्ही खाचा एकमेकींकडे सरळ बघत नाहीत, थोड्या बाहेर कलतात. तशात नट आवळला तर ॲक्सल वाकतो. त्यासाठी दोन जाड चकत्या लेथवर टर्न करून बोल्टांवर बसवल्या. दोन्ही खाचांत एकेक लावायची, चकत्यांची तोंडं समोरासमोर जुळेपर्यंत खाच लांब पान्याने सरळ करायची. मग हेड ट्यूबपासून, म्हणजे हँडलखालच्या नळीपासून, दोन्ही बाजूंनी सुतळी ताणून फ्रेम वाकडी झाली नाही ना ते बघायचं. माझ्या पहिल्या सायकलीत यातलं काहीच केलेलं नव्हतं.

सेन्सरचं कोडं मुलांनी सोडवलं. पायडलच्या ॲक्सलवर चुंबकांची चकती फिरते आणि तिच्यापासून दोन-तीन मिलिमीटरवरचा सेन्सर ते मोजून मोटरला सांगतो की माणूस पायडल मारतो आहे. आपल्या गोल ॲक्सलसाठी मुलांनी दोन तुकड्यांत उघडणारा बुश थ्रीडी प्रिंटरवर काढला. माप उत्तम होतं. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या सायकलीत तो मऊ पडून वाकला, कारण ते प्लास्टिक साठ अंशांच्या आसपासच नरमतं. तेव्हापासून मुलं आधी प्लास्टिकचा नमुना काढतात, तो सायकलीवर लावून बघतात, मापं नक्की झाली की मी नायलॉनच्या रॉडमधून तसाच टर्न करतो. मुलांमुळे माझा माल वाया जात नाही, आणि मुलांना कळलं की ड्रॉइंगवर 16 लिहिलेला ॲक्सल प्रत्यक्षात 15.8ही असतो.

बॅटरी आम्ही करत नाही. सेल जोडून घरी पॅक बनवायचा मोह अनेकांना होतो, कुणी विचारलं तर स्पष्ट नाही म्हणतो. संरक्षणाचं सर्किट आत असलेला तयार पॅक घ्यायचा, त्याच्याच चार्जरने चार्ज करायचा, जिन्यात किंवा झोपायच्या खोलीत चार्जिंगला लावायचा नाही. बॅटरीचा पत्र्याचा डबा तेवढा आम्ही करतो, आतून ट्यूबचं रबर लावून. 36 व्होल्ट, 10 अँपिअर-अवरचा पॅक म्हणजे 360 वॅट-अवर. एकदा चार्ज करायला अर्धं युनिटसुद्धा वीज लागत नाही. तेवढ्यात नर्सताई तीन दिवस ड्युटीला जाऊन येतात.

पत्रातल्या "जुगाडू" या शब्दाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. बेळगावात किर्लोस्कर रोड आहे; लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली याच गावात सायकलचं दुकान काढलं होतं. कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर, 1910मधली किर्लोस्करवाडी हे सगळं त्यानंतरचं. आमच्या आधीच्या पिढीला आठवत असेल, 1972मध्ये आलेली लुना म्हणजे 50 सीसीचं इंजिन आणि पायडल एकत्रच होतं. सायकलीला जोड देऊन बघणं या भागाला नवं नाही. मी स्वतःची तुलना त्या माणसांशी करत नाही. पण मोजून, लिहून, दुसऱ्याकडून तपासून केलेल्या कामाला जुगाड म्हटलं की मुलांच्या मनाला लागतं. गेल्या रविवारी ती दोघं गप्प होती, म्हणून हे लिहावं लागलं.

कायद्याचंही सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, नियम 2 (यू). पायडल मारताना मदत करणारी मोटर 0.25 किलोवॅटच्या आतली हवी; ताशी 25 किलोमीटरला पोचता पोचता तिची मदत कमी होत जाऊन बंद झाली पाहिजे, आणि पायडल थांबलं तर त्याआधीच. नीट ब्रेक हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. असं वाहन मोटार वाहन धरलं जात नाही. मात्र त्या नमुन्याला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची मंजुरीही लागते, आणि इथे आमच्यासारख्यांची वाट बंद होते. पुण्याची एआरएआय ही अशी एक संस्था. कारखाना तिथे आपला नमुना घेऊन जाऊ शकतो. नर्सताईंनी आपली एक सायकल घेऊन कुठे जायचं? आम्हाला नियमातून सूट नको. एकेका सायकलीची तपासणी इथेच, ठरावीक फी घेऊन, जाणकारांकडून व्हावी आणि पास झालेल्या सायकलीला खूण मिळावी, एवढी सोय हवी. जी नापास होईल ती जप्त करा. पहिली माझी तपासा.

दुसरी विनंती इथल्या शिक्षणसंस्थांना. व्हीटीयूसारखं तंत्रज्ञान विद्यापीठ या शहरात आहे, इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, आयटीआय आहे. प्रत्येकाच्या वर्कशॉपमध्ये माझ्या शेडपेक्षा दसपट यंत्रं आहेत आणि रविवारी त्यांना कुलूप असतं. महिन्यातून एक रविवार ते कुलूप उघडा. एक शिक्षक बसवा, लागला तर मीही येऊन बसेन. आज किट कुणीही घरबसल्या मागवतो. ते बसवायला हातोडी आणि तार घेऊन अंगणात बसलेला मुलगा तिथे आला, तर त्याला निदान फीलर गेज म्हणजे काय ते कळेल.

टिळकवाडीचं पत्र वाचल्यावर मी वही काढून प्रत्येकाला फोन केला. त्या पहाटे आमच्यातली एकही सायकल त्या रस्त्याला नव्हती. पण एक गोष्ट लपवून ठेवली तर हे पत्र खरं होणार नाही. पुष्कळ कंट्रोलरमध्ये वेगावर मर्यादा ठेवणारी एक वायर असते. ती सोडवली की सायकल 25वर थांबत नाही. दिवाळीआधी एक मुलगा आला होता, असेल 19-20 वर्षांचा. हिरवी सायकल, मोटर स्वतः बसवलेली, पट्टी नाही, पुढचा ब्रेक अर्धवट. म्हणाला, "काका, ती वायर तेवढी सोडवून द्या की ओ." मी नाही म्हणालो. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हणून पाठ फिरवली, लेथवर जॉब चढवलेला होता. तो गेला. वायर त्याने नंतर स्वतः सोडवली असं मुलांकडून कळलं.

त्या दिवशी टिळकवाडीत तोच होता असं मी म्हणत नाही, मला माहीत नाही. पण त्याला मी बसवून घ्यायला हवं होतं. खडूची रेघ दाखवायला हवी होती, 14 मीटर आणि 7 मीटर त्याच्याच सायकलीवर मोजून. नाही म्हणणं बरोबर होतं, पाठ फिरवणं चूक होती.

तो हे वाचत असेल, किंवा त्याच्या ओळखीचं कुणी वाचत असेल, तर निरोप द्यावा. वहीत त्याच्यासाठी एक पान उघडलं आहे, वर फक्त "हिरवी सायकल" लिहिलंय. पट्टी कापून तयार आहे, खुंट्या तयार आहेत, झाळ द्यायला वेल्डर या रविवारी येणार आहे. वायर जागेवर जोडायला शहापूरचे मित्र आहेत. मोठी पितळी घंटीही आणून ठेवली आहे. आणि टिळकवाडीच्या भगिनींना व त्यांच्या वडिलांना जमत असेल तर त्यांनीही त्याच दिवशी यावं. सायकल शेडबाहेर सोडायची की नाही, ते त्या वेळी त्यांनीच सांगावं.

आपला,
एक निवृत्त टर्नर
अनगोळ, बेळगाव